फाइटची बेल

आमच्या थिएटरच्या केबिनमध्ये प्रोजेक्टरशेजारच्या भिंतीवर एक पांढरं बटण होतं. ते दाबलं की खाली आवारात, चहाच्या गाड्याजवळच्या लिंबाला ठोकलेली बेल वाजायची. एकदा, लांब वाजली तर इंटरव्हल संपलं. दोनदा, छोटी वाजली तर फाइट सुरू होतेय. ही दुसरी बेल इतर गावांतल्या थिएटरांत असते का, मला माहीत नाही. आमच्याकडे होती, आणि ती द्यायचं काम माझ्याकडे होतं.

एका अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, ‘सिंगल स्क्रीनच्या गोड आठवणी लिहा.’ मी हो म्हटलं, कारण फोनवर नाही म्हणणं मला जमत नाही. लिहायला बसल्यावर लक्षात आलं, की गोड असं माझ्याकडे फार थोडं आहे. आहे तो राग. समोर माणूस असला की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, भांडण तर कधीच जमलं नाही. कागदासमोर कुणी नसतं. त्यामुळे जे तोंडावर बोलायचं राहिलं ते इथे लिहिते.

आधी काम काय होतं ते सांगते. सिनेमा आता पेटीतून येत नाही. हार्ड डिस्कवर येतो किंवा परस्पर डाउनलोड होतो, आणि कुलूप लावलेला असतो. ते कुलूप उघडायला वितरकाच्या ऑफिसातून मेलवर एक छोटी फाइल येते. तिला ‘की’ म्हणतात. ती एकाच थिएटरच्या एकाच प्रोजेक्टरला चालते, आणि तीही ठरलेल्या वेळेपासून ठरलेल्या वेळेपर्यंत. हे सगळे मेल इंग्रजीत. माझ्या आधीच्या ऑपरेटरने एकदा ‘बारा पीएम’ म्हणजे रात्रीचे बारा समजून नव्या सिनेमाच्या सकाळच्या खास शोची तिकिटं विकली. दारं उघडली, लोक बसले, सिनेमा काही उघडेना; की चालू होणार होती दुपारी बाराला. त्या दिवशी फुटलेल्या काचा बदलल्यावर मालकांनी, म्हणजे ज्यांना सगळे अण्णा म्हणतात त्यांनी, इंग्रजी शाळेत शिकलेलं माणूस शोधायला घेतलं. माझ्या वडिलांची त्यांच्याशी ओळख होती. मी कॉम्प्युटरचा कोर्स करून घरात बसले होते.

पहिल्या दिवशी डोअरकीपर गुरप्पामामांनी जिन्यातून विचारलं, ‘अक्का, की आली?’

मी म्हटलं, ‘आली.’

‘आली की?’

मला वाटलं ते पुन्हा तेच विचारताहेत. मी पुन्हा म्हटलं, ‘हो, की आली.’

‘त्येच म्हनतुय की. आली की की.’

माझ्या शाळेत मराठी हा तिसऱ्या भाषेचा पेपर होता. सोलापुरात जन्माला येऊनही सोलापूरचा ‘की’ मला त्या जिन्यात शिकावा लागला. गुरप्पामामा अक्कलकोटकडचे, घरी कानडी बोलणारे. माझ्या वडिलांपेक्षा मोठे, तरी मला पहिल्या दिवसापासून अक्काच म्हणाले. त्या ‘अक्का’चा उपयोग मला नंतर कळला. दारावरचा माणूस जिला अक्का म्हणतो, तिच्याकडे बघून कुणी शिट्टी मारत नाही.

दुपारी बाराच्या शोला आम्ही ‘फाइटचा शो’ म्हणायचो. बाकीच्या शोंना त्या त्या आठवड्याचा नवा सिनेमा असायचा. बाराला मात्र जुने, निमजुने मारामारीचे सिनेमे, बहुतेक दक्षिणेकडचे, हिंदीत डब केलेले. बघायला यायचे ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले रात्रपाळीचे लूम कामगार, होटगीहून सुट्टीच्या दिवशी येणारी रेल्वेतली माणसं आणि भवानी पेठेतल्या दुकानांचे हमाल. तेलुगू, कानडी, दखनी, मराठी, सगळं एका रांगेत. बाई मी एकटी, आणि मीही वर, काचेच्या मागे.

या शोची एक रीत होती. गाणं लागलं की निम्मं थिएटर उठून बाहेर. आई रडायला लागली की उरलेल्यातलं निम्मं बाहेर. चहा, विडी, कुणाची पाळी कुठली, कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे आले, हे सगळं गाण्याच्या वेळेत उरकायचं. पण मग आत परत कधी जायचं? त्यासाठी बेल. ती कुणी सुरू केली हे मामांनाही ठाऊक नव्हतं. नियम मात्र त्यांच्याकडे पक्का होता: पहिला ठोसा बसायच्या आधी बूड खुर्चीला टेकलं पाहिजे. फार आधी बेल दिली तर चहावाला ओरडायचा, कारण लोक अर्धे कप टाकून पळायचे. उशीर झाला तर आत गेलेली माणसं माझ्या काचेकडे वळून बघायची. ते बघणं मला सहन व्हायचं नाही.

म्हणून सिनेमा बदलला की सकाळी रिकाम्या हॉलमध्ये तो मी एकटी चालवून बघायची आणि फाइटच्या जागा हेरून ठेवायची. फाइट सुरू होण्याआधी जुन्या सिनेमात खुणा असतात. नायक बाही दुमडतो. कुणीतरी दुकानाचं शटर खाली ओढतं. आणि कॅमेरा मागे सरकतो. ही सगळ्यात खात्रीची खूण. आतापर्यंत चेहऱ्यांजवळ असलेला कॅमेरा चार पावलं मागे जातो, कारण आता माणसं डोक्यापासून पायापर्यंत दिसायला हवी असतात. कॅमेरा मागे, बटणावर बोट.

त्या सिनेमांची मी भक्त नव्हते, हे आधीच सांगते. नायिका शेवटच्या फाइटमध्ये हमखास खांबाला बांधलेली असायची. मला दर वेळी चीड यायची. एकदा मी मामांना म्हटलं, ‘हिला काहीच काम नसतं का?’

‘तुमी आसता तर काय केलं आसतं?’

‘गाठ सोडली असती.’

मामांनी विचार केला. ‘मग फाइट लवकर संपली आसती की.’

पण आवाज बंद करून त्याच त्याच मारामाऱ्या पुन्हा पुन्हा बघताना मला एक गोष्ट दिसायला लागली, जी शाळेतल्या माझ्या कुठल्याही मैत्रिणीला मी समजावू शकले नाही. मारणारा फक्त हात फिरवतो. फाइट करतो तो पडणारा. ठोसा तर लागतच नाही, इंचभर लांबून जातो. पण ज्याला तो ‘लागतो’ तो माणूस खरोखर जमिनीवरून उचलला जातो, खरोखर सोडावॉटरच्या खोक्यांवर जातो, खोकी खरोखर फुटतात, आणि हे सगळं एकाच शॉटमध्ये, मध्ये न कापता. त्याची पाठ शेकलेली असते, आणि तो पुन्हा उठून दुसरा मार खायला येतो.

असा एक पडणारा आमच्या शोचा लाडका होता. बारीक अंगाचा, कुरळ्या केसांचा. कधी लाल शर्टात, कधी बनियनवर. नाव कुणालाच माहीत नाही. पडद्यावरच्या नावांच्या पाट्यांत त्याचं नाव असलं तरी कुठल्या गर्दीत असेल. आमच्याकडे त्याला ‘चादर’ म्हणत. हे नाव यल्लय्याने ठेवलं होतं. यल्लय्या टॉवेलच्या लूमवर रात्रपाळी करायचा आणि घरी झोप काढून बाराला तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीत येऊन बसायचा. पडद्यावर तो कुरळा माणूस दिसला की यल्लय्या शेजारच्याला कोपर मारायचा, ‘चादर आला बघ,’ आणि हॉलमध्ये शिट्ट्या सुरू. नायकाला नसतील इतक्या. मी मामांना कारण विचारलं तर म्हणाले, ‘पडला की सुरकुती न्हाय त्याच्यात. सरळ अंथरला जातुय.’ एका सिनेमात चादर पहिल्या फाइटमध्ये मेला आणि तिसऱ्या फाइटमध्ये नव्या शर्टात परत आला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. कुणालाही तक्रार नव्हती. मेलेला माणूस पुन्हा कामावर आला म्हणून लूमवरची माणसं तक्रार करणार नाहीत.

मग नवे सिनेमे आले. म्हणजे यायला आधीच लागले होते. संध्याकाळच्या शोंना मीच ते लावत होते. पण संध्याकाळी बेल नसायची, त्यामुळे मला त्यांची फाइट शोधावी लागत नव्हती. एका आठवड्यात जुन्या सिनेमाची की आली नाही आणि अण्णांनी बाराला नवाच लावायला सांगितलं. घाईत मी सकाळी पूर्ण बघितला नाही. खुणांवर भरवसा ठेवला. नायकाने बाही दुमडली. मी दोनदा बटण दाबलं.

माणसं चहा टाकून धावत आली. पडद्यावर नायक चालत होता. हळू. सिगारेट पेटवली, पुन्हा चालला. बुटांचा शॉट. धुराचा शॉट. मागे नगारे आणि कोरस. पुन्हा बूट. मग एकदम दुसरं दृश्य, आणि गोदामभर माणसं मेलेली पडलेली. मारलं कधी, कसं, काही नाही. चालण्यातच झालं म्हणे सगळं.

हॉलमध्ये क्षणभर कुणाला कळेना. मग तिसऱ्या रांगेतून यल्लय्याचा आवाज आला, काही चिडलेला नव्हता, नुसता सांगितल्यासारखा: ‘बेल वाजली, फाइट घंटा.’

सगळा हॉल हसला. मी शो संपल्यावर मामांना विचारलं, ‘फाइट घंटा म्हणजे काय?’

मामा खाली बघत टॉर्चचे सेल काढून पुन्हा घालायला लागले. ‘न्हाय म्हनायची रीत हाय एक, अक्का. तुमी नका म्हनू.’

पुढे ते वाक्य आवारात रूढच झालं. पगार झाला का? झाला, बोनस घंटा. मला प्रत्येक वेळी टोमणा बसायचा, आणि माझा राग हळूहळू हसणाऱ्यांवरून ज्यांनी तो सिनेमा केला त्यांच्याकडे वळला. चूक माझी नव्हती. नायकाने बाही दुमडली तर पुढे फाइट द्यायची असते. तो आमच्यात ठरलेला शब्द होता. त्यांनी बाही ठेवली आणि फाइट काढून घेतली.

त्यानंतर मी नवे सिनेमे सकाळी नीट बघायला लागले, आणि जितकं बघितलं तितका राग वाढला. कॅमेरा आता मागे जातच नाही, उलट जवळ येतो. एका ठोशाचे तीन तुकडे करतात: हात, मग चेहरा, मग काच. कुणी कुणाला मारलं हे तुम्ही मनात जोडायचं. सगळं अंधारात किंवा धुळीत, कारण उजेडात कॉम्प्युटरचं काम उघडं पडतं. पूर्वी चार माणसं यायची, आता चारशे येतात आणि लूमवर उडणाऱ्या तुसासारखी हवेत जातात. त्यांना वजन नसतं. खाली आल्यावर काय झालं ते कुणी दाखवत नाही. नायकाला घाम येत नाही, एकही मार बसत नाही, धाप लागत नाही. ज्याला मार बसणारच नाही त्याच्या मारामारीत बघायचं काय? मग ते बंदुका आणतात, ट्रकएवढ्या. शेवटी हे सगळं मोठ्या आवाजात वाजवतात आणि त्याला ‘मास’ म्हणतात. म्हणजे म्हणे आमच्या हॉलमधल्या माणसांसाठीच केलेलं.

या ‘मास’ शब्दाने माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं. यल्लय्या रात्रभर उभा राहून चोवीस हात लांबून कुठला धागा तुटला ते ओळखतो. त्याला वाटतं त्याच्या अंगाला काय होतं ते पडद्यावर दिसावं: माणूस दमतो, पडतो, आणि तरी उठतो. त्याच्यासाठी म्हणून जे बनवलं जातं, त्यात दमणं तेवढं वगळलेलं असतं.

त्याच वर्षी अण्णांनी थिएटर एका कंपनीला चालवायला द्यायचं बोलणं सुरू केलं. त्यांची मुलं पुण्यात, इथे कुणी बघणारं नाही. कंपनीचे एक सर पाहणी करायला आले. पांढरे बूट, हळू बोलणं, वागायला अतिशय सभ्य. मी इंग्रजी बोलते हे कळल्यावर त्यांना सुटल्यासारखं झालं. मला म्हणाले, बाराचा शो ‘डाउनमार्केट’ आहे, त्याने थिएटरची इमेज जाते, त्याऐवजी चारही शो नव्या सिनेमाचे करू.

मी फार कमी आवाजात म्हटलं, ‘मग ती माणसं येणार नाहीत, सर.’

‘का? त्यांना ॲक्शन हवी ना? आम्ही त्यांना जास्त ॲक्शन देतोय. मोठी देतोय.’

 त्यांनीच मग मार्ग काढला. येत्या शुक्रवारी बाराला नवा मोठा सिनेमा लावू. तिकीट नेहमीचंच. तुमच्या ऑडियन्सला आवडला नाही तर तुमचा शो तसाच राहू दे, आय प्रॉमिस. ‘लेट देम डिसाइड,’ म्हणाले.

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. मामांना सांगितलं, मामांनी गाड्यावर सांगितलं. ‘शुक्रवारी आपल्या शोचा फैसला हाय,’ असं चहाबरोबर सगळीकडे गेलं. लोक मुद्दाम पाळी बदलून येणार होते. यल्लय्या काचेखाली येऊन मला म्हणाला, ‘मॅडम, नवा आसला म्हनून काय झालं, चांगला आसंल तर आमी चांगला म्हनू. पन तुमी बेल नीट द्या.’ एवढंच सांगणं होतं त्यांचं. त्यांना कुठल्याही सिनेमाशी वैर नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी तो सिनेमा पूर्ण बघितला. फाइटच्या जागा लिहायला कागद घेतला होता. सिनेमा संपला तेव्हा कागदावर काही नव्हतं. म्हणजे पडद्यावर मारणं भरपूर होतं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच होतं. पण आता सुरू झालं, आता संपलं, असं कुठेच नव्हतं. कॅमेरा एकदाही मागे गेला नाही. शेवटाआधी एक मोठा प्रसंग होता, ज्याची जाहिरात महिनाभर चालली होती: नायक एका बंदुकीमागे उभा राहतो आणि समोरची फौज संपते. त्यात एकाही माणसाची पाठ जमिनीला लागलेली दिसत नव्हती.

मी अंदाजाने बेल देऊ शकले असते. कुणीही दिली असती. पण एकदा मी खोटी बेल दिली होती, न कळता. आता कळून देणं मला शक्य नव्हतं. ती माणसं माझ्या बेलवर चहा टाकून धावतात.

हॉल भरला होता. सर बाल्कनीत बसले. पहिले दोन तास माणसं शहाण्यासारखी बसून राहिली. मग नायकाच्या बालपणाची लांब गोष्ट सुरू झाली आणि रीतीप्रमाणे निम्मा हॉल बाहेर गेला. गोष्ट संपली, बंदूक आली. मी बटणापाशी उभी होते. दाबलं नाही. केबिनच्या मागच्या खिडकीतून आवार दिसतं. लिंबाखाली माणसं आरामात उभी होती, आणि भिंती थरथरत होत्या.

थोड्या वेळाने सर आवारात उतरले. खिडकी उघडीच होती, मला सगळं ऐकू आलं.

‘अहो, आत मेन ॲक्शन चाललीय. तुम्ही इथे काय करताय?’

‘चहा पितुय,’ यल्लय्या म्हणाला. ‘तुमी घेनार?’

‘आत जा ना मग.’

‘बेल कुटं वाजली?’

सरांनी मामांकडे बघितलं. मामा अदबीने पुढे झाले. ‘बेल न्हाय वाजली सर. आजून फाइट लागली न्हाय.’

‘हा आवाज ऐकू येत नाही तुम्हाला?’

‘येतुय की,’ मामा म्हणाले. ‘मला वाटलं दिवाळी चालू हाय आत.’

लिंबाखाली हशा पिकला. सर तसेच जिना चढून केबिनमध्ये आले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे इंग्रजीत विचारलं, मी बेल का दिली नाही.

मी मराठीत बोलले. का, माहीत नाही. त्या क्षणी इंग्रजी आलं नाही. ‘सर, कुणी पडलं नाही.’

‘शंभर माणसं मेली त्या सीनमध्ये.’

‘मेली. पडलं कुणी नाही.’

ते माझ्याकडे बघून हसले. कौतुकाने. म्हणाले, तू इथे वाया जातेयस. मग घड्याळ बघून निघून गेले. शेवटपर्यंत थांबले नाहीत.

मला वाटलं, आपण जिंकलो. निम्मा हॉल चहा पीत होता, आणखी काय निकाल हवा? मी खाली अण्णांच्या ऑफिसात गेले आणि स्वतःहून बोलले, जे मी कधी करत नाही. म्हटलं, ‘अण्णा, आता शो राहील ना?’

अण्णांनी चष्मा काढला. ‘अगं, करार मागच्याच महिन्यात झाला. बाराचा शो तेव्हाच काढलाय त्यांनी.’

‘मग आज काय होतं?’

‘त्यांना जरा पब्लिक बघायचं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून मी काही बोललो नाही.’

 माणसं पाळ्या बदलून आली होती. एकाने त्यासाठी मुकादमाची बोलणी खाल्ली होती. ‘तुम्हीच ठरवा’ म्हणून त्यांना बोलावलं आणि ठरलेलं सगळं आधीच खिशात होतं. त्या सिनेमात नायकाला मार बसणारच नसतो, तसं सरांचं होतं. समोरच्याने काहीही केलं तरी त्यांच्या शर्टाची घडी मोडणार नव्हती. मला राग आहे तो सिनेमे बदलले याचा नाही. बदलणारच. राग आहे तो या खोट्या मारामारीचा, ज्यात निकाल आधी लिहिलेला असतो आणि समोरच्याला फक्त गर्दी म्हणून उभं करतात.

बाहेर येऊन मामांना सांगितलं. मामा म्हणाले, ‘मंजी मॅच फिक्स हुती.’ आणि दारावर जाऊन उभे राहिले, कारण तीनच्या शोची माणसं यायला लागली होती. यल्लय्याला मी सांगू शकले नाही. मामांनीच सांगितलं असणार. तो वर काचेकडे बघून हात करून गेला.

पुढचं लवकर झालं. खुर्च्या बदलल्या, चहाचा गाडा गेटबाहेर गेला, आत पॉपकॉर्नचं काउंटर आलं. हॉलबाहेर जाणाऱ्याला परत आत घ्यायचं नाही असा नियम झाला. मामांना टाय दिला. दोन आठवडे घातला आणि सोडून गेले. आता अक्कलकोटला एका लॉजवर असतात. मध्ये फोन आला होता. म्हणाले, ‘अक्का, हितं गानं बी न्हाय आन फाइट बी न्हाय. नुसती खोली द्यायची आन चावी घ्यायची.’ थिएटरची ‘की’ आता हेड ऑफिसमधून परस्पर सिस्टीममध्ये येते. तिथे इंग्रजी वाचणारं माणूस लागत नाही. मीही सोडलं.

काम मला यल्लय्यानेच सांगितलं. त्याच्या मालकांना परदेशातल्या पार्ट्यांना, म्हणजे माल घेणाऱ्यांना, मेल लिहिणारं कुणी हवं होतं. आता मी एमआयडीसीत बसते आणि टॉवेलबद्दल इंग्रजीत लिहिते: रंग, वजन, माल कधी निघेल, माल परत का आला. मशिनचा आवाज ऑफिसपर्यंत येतो. दुपारी लूम थांबले की सगळं एकदम रिकामं वाटतं.

मागच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत यल्लय्या, तो आता दिवसपाळीला असतो, शेडच्या सावलीत मोबाइल बघत बसला होता. मी डबा धुवायला नळावर गेले होते. थिएटरवर लिहायला मला सांगितलंय, हे त्याला माहीत होतं. त्याने हाक मारली. ‘मॅडम, ह्ये बगा, आपल्यातली हाय.’

जुनी फाइट होती. मी चालवलेला सिनेमा, नक्कीच. पण कुणीतरी ती मोबाइलच्या उभ्या पडद्यात बसवण्यासाठी दोन्ही बाजूंनी कापली होती. मधोमध फक्त नायक. तो हात फिरवायचा, हात चित्राच्या कडेला जाऊन नाहीसा व्हायचा, काहीतरी फुटल्याचा आवाज यायचा, आणि नायक पुन्हा एकटाच उभा. पुन्हा हात, पुन्हा आवाज. कुणाला मारतोय ते चित्रात नव्हतंच.

यल्लय्याने फोन आडवा केला. बाजूचं काही दिसलं नाही, उलट चित्र बारीक झालं. त्याने पुन्हा उभा केला.

‘पडनारा दिसत न्हाय,’ तो म्हणाला.

‘काका, बाजूंनी कापलंय.’

‘त्ये कळलं.’ तो थोडा वेळ बघत राहिला. नायक एकटाच हवेत हात मारत होता. यल्लय्याने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. ‘दोनी काठ कापलेला टॉवेल आपन पाटवला, तर पार्टी काय लिवती वो इंग्रजीत?’

‘रिजेक्टेड.’

‘निस्तं तेवडंच?’

‘नाही. कारण लिहावं लागतं. काय कापलं, कुठे कापलं, सगळं.’

‘मग लिवा की,’ यल्लय्या म्हणाला.